स्वाध्यायी हाइनरिख श्लीमान

परकी भाषा शिकावयाची तर ती लहानपणीच. एकदा मिसरूड फुटले आणि संसाराचे ओझे खांद्यावर आले की जीभ वळत नाही व पाठ केलेले टिकत नाही, असा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. इंग्रजीचा धडा कठीण गेला की विद्यार्थी कपाळाला हात लावतो, आणि घरी त्याचा अभ्यास घेऊ पाहणारा पालक आपले आता वय झाले असे म्हणून पुस्तक मिटतो. हा समज सर्वस्वी निराधार आहे असे नाही. परभाषेतील उच्चार बालकास जितके सहज साधतात तितके ते प्रौढास साधत नाहीत, हे खरेच. परंतु सहज होणे निराळे आणि साध्य होणे निराळे. हा भेद ज्याच्या चरित्रात ठळकपणे दिसून येतो अशा एका पुरुषाची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. त्याचे नाव हाइनरिख श्लीमान. प्राचीन ट्रॉय नगरीचे अवशेष उकरून काढणारा म्हणून जग त्यास ओळखते. परंतु त्या कीर्तीच्या पुष्कळ आधी तो एक दरिद्री, एकाकी व अत्यंत चिकाटीचा विद्यार्थी होता. आपणांस मुख्यतः त्या विद्यार्थ्याचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

श्लीमानचा जन्म ६ जानेवारी १८२२ रोजी उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात नॉयबुको या लहानशा गावी झाला. त्याचे वडील प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक होते. पुढे हे कुटुंब अंकर्सहागेन नावाच्या खेड्यात राहावयास गेले व तेथेच हाइनरिखचे बालपण गेले. १८३१ साली, तो अवघा नऊ वर्षांचा असता, त्याची आई वारली आणि घराची घडी विस्कटली. वडिलांच्या वर्तनाविषयी लोकांत बोभाटा झाला, मिळकत आटली, आणि मुलास उच्च शिक्षण देण्याचा विचार सोडून द्यावा लागला. लॅटिन व ग्रीक शिकविणाऱ्या विद्यालयात तो जेमतेम काही महिने होता; त्यानंतर व्यवहारोपयोगी शिक्षण देणाऱ्या साध्या शाळेत त्यास घालण्यात आले, आणि चौदाव्या वर्षी तेही संपले.

फ्युर्स्टेनबर्ग गावी एका किराणा दुकानात तो उमेदवार म्हणून राहिला. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दुकान झाडावे, खारवलेले मासे, लोणी, मीठ, साखर, तेल, मेणबत्त्या व बटाट्याची दारू गिऱ्हाइकांस मोजून द्यावी, असा त्याचा क्रम साडेपाच वर्षे चालला. अभ्यासास क्षणाचीही सवड नव्हती. या काळातील एक प्रसंग त्याने पुढे लिहून ठेविला आहे. एके रात्री एक दारूबाज गिरणीवाला दुकानात आला. तो एके काळी चांगला शिकलेला होता व दारूने पुरता बुडाला असला तरी होमर कवीच्या ग्रीक काव्याच्या सुमारे शंभर ओळी त्यास अद्याप मुखोद्गत होत्या. त्याने त्या तालासुरात म्हणून दाखविल्या. श्लीमानास त्यांतील एका शब्दाचाही अर्थ कळला नाही. तथापि त्या नादाने त्याचे अंतःकरण भरून आले. आपल्या तुटपुंज्या पैशांतून त्याने त्या मनुष्यास तीन पेले दारू पाजली आणि त्याच ओळी तीन वेळा म्हणवून घेतल्या. भाषा अर्थाच्या आधी कानाने येते, ही गोष्ट त्यास त्या रात्री कळली असावी.

एके दिवशी जड पिंप उचलताना छातीस इजा होऊन त्याच्या तोंडावाटे रक्त पडले, व ते कष्टाचे काम त्याच्याने होईना. तो पायी हॅम्बुर्ग येथे गेला; परंतु तेथेही नोकरी टिकेना. अखेरीस १८४१ साली दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाकडे जाणाऱ्या डोरोथिया नावाच्या जहाजावर त्याने नोकरी पत्करली. डिसेंबर महिन्यात भयंकर तुफान होऊन ते जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले. श्लीमान बचावला, पण अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्यापाशी म्हणण्यासारखे काही उरले नाही. अशा रीतीने एकोणीस वर्षांचा हा तरुण ॲमस्टरडॅम शहरी येऊन पडला. देश परका, भाषा परकी, शरीर दुर्बळ, आणि विद्येच्या नावाने जवळजवळ शून्य!

परिचितांच्या साहाय्याने त्यास एका व्यापारी पेढीत शिपायाचे काम मिळाले. हुंड्यांवर शिक्के मारावे व टपालकचेरीत पत्रे पोहोचवावी आणि आणावी, एवढेच ते काम होते. वर्षाचा पगार आठशे फ्रँक. त्यांपैकी निम्मा त्याने विद्येकडे लाविला व उरलेल्या निम्म्यात उदरनिर्वाह केला. हिवाळ्यात गारठून जावे व उन्हाळ्यात भाजून निघावे अशा एका माळ्यावरच्या खोलीत तो राही. सकाळी राईच्या पिठाची लापशी खाई. काम बुद्धीचे नसल्यामुळे मन मोकळे राहते, ही त्या हलक्या नोकरीची त्यास मोठी सोय वाटली. प्रथम त्याने आपले अक्षर सुधारले, आणि मग इंग्रजी भाषा हाती घेतली.

त्याने स्वतः बसविलेली अभ्यासपद्धती विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. पाठ्य उतारा तो पुष्कळ वेळ व मोठ्याने वाची. त्याचे भाषांतर करीत बसत नसे. एकही दिवस न चुकविता रोज एक तास धडा घेई. ज्या विषयात आपणांस गोडी आहे अशा विषयावर तो त्या भाषेत लहानसा निबंध लिही, शिक्षकाकडून तो दुरुस्त करून घेई, दुरुस्त झालेला निबंध पाठ करी, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकापुढे तो तोंडपाठ म्हणून दाखवी. आपली स्मरणशक्ती दुबळी आहे असे त्याचे स्वतःचे मत होते. म्हणून फावल्या क्षणाचा तो चोरासारखा उपयोग करी. टपालकचेरीत तिष्ठत असताना तो वाची. पावसात निरोप घेऊन जातानाही हातात पुस्तक असे. इंग्रजी उच्चार कानी पडावे म्हणून रविवारी दोनदा तो इंग्रजांच्या देवळात जाऊन बसे आणि उपदेशकाच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द हळूच आपल्याशी पुन्हा उच्चारी. गोल्डस्मिथची एक कादंबरी व वॉल्टर स्कॉटची आयव्हॅनहो ही कादंबरी त्याने संपूर्ण पाठ केली, असे तो सांगतो. सहा महिन्यांत त्यास इंग्रजी आले; पुढील सहा महिन्यांत याच मार्गाने फ्रेंच आले. या परिश्रमाने स्मरणशक्ती इतकी बळावली की डच, स्पॅनिश, इटालियन व पोर्तुगीज या भाषांस त्यास प्रत्येकी सहा आठवडे पुरले, असे त्याने नमूद केले आहे.

या पद्धतीचे मर्म कशात आहे? नुसत्या पाठांतरात ते नाही. मोठ्याने घोकण्याची रीत आपल्या देशात नवी नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसून परवचा म्हणणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या येथे होऊन गेल्या. परंतु श्लीमान जे घोकीत असे ते बहुतांशी त्याचे स्वतःचे, त्याच्या मनातील विचारांचे, त्याच्या हातून लिहिले गेलेले व जाणत्याने शुद्ध केलेले असे. वाचन, लेखन, शोधन आणि पठण अशी चार पायऱ्यांची ती साखळी होती. यांतील एकही कडी निखळली तर बाकीच्या तीन निरुपयोगी होतात. न लिहिता पाठ केले तर ती पोपटपंची होते. लिहून दुरुस्त न केले तर चूकच पक्की होते. आणि दुरुस्त केलेले पुन्हा उच्चारले नाही तर ते वहीतच राहते.

१८४४ साली श्लीमान श्रोडर कंपनी या मोठ्या पेढीत पत्रव्यवहार पाहणारा कारकून व हिशेबनीस झाला. ही पेढी निळीचा व्यापार करी, आणि रशियातील व्यापारी निळीच्या लिलावांसाठी ॲमस्टरडॅमला येत. हे पाहून त्याने रशियन शिकण्याचा निश्चय केला. पण त्या शहरी रशियन शिकविण्यास कोणी मिळेना. रशियाच्या उपवकिलास त्याने विनंती केली. त्याने नकार दिला. मग एक जुने व्याकरण, एक कोश, आणि तेलेमाख नावाच्या फ्रेंच ग्रंथाचे एक सुमार रशियन भाषांतर, एवढी सामग्री मिळवून तो एकटाच कामास लागला. चुका दाखविण्यास कोणी नव्हते. म्हणून ते भाषांतरच त्याने मुखोद्गत करण्यास आरंभ केला.

तथापि भिंतीपुढे बोलण्यास मन घेईना. समोर कोणी ऐकणारा असेल तर आपली प्रगती जलद होईल असे त्याच्या मनाने घेतले, आणि आठवड्यास चार फ्रँक देऊन त्याने एक गरीब ज्यू मनुष्य ठेविला. रोज संध्याकाळी दोन तास त्या बिचाऱ्याने श्लीमानचे रशियन पठण ऐकत बसावे, एवढेच काम. गमतीची गोष्ट ही की त्या श्रोत्यास रशियनचे एक अक्षरही समजत नव्हते! हॉलंडातील साध्या घरांच्या लाकडी तक्तपोशी पातळ असतात. खालच्या मजल्यावरील बोलणे तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाते. शेजाऱ्यांनी घरमालकाकडे गाऱ्हाणी केली व श्लीमानास दोन वेळा बिऱ्हाड बदलावे लागले. परंतु त्याने आवाज कमी केला नाही. सहा आठवड्यांनी त्याने एका रशियन निळीच्या व्यापाऱ्यास त्याच्या भाषेत पहिले पत्र लिहिले आणि लिलावास आलेल्या रशियन लोकांशी तो बोलू लागला.

या एका भाषेने त्याचे नशीब पालटले. जानेवारी १८४६ मध्ये पेढीने त्यास आपला प्रतिनिधी म्हणून सेंट पीटर्सबर्ग येथे पाठविले. लवकरच तो स्वतंत्र व्यापार करू लागला. १८५० ते १८५२ या काळात त्याने कॅलिफोर्नियात सोन्याच्या भुकटीची खरेदी-विक्री केली, आणि १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाच्या वेळी निळीबरोबरच युद्धोपयोगी मालाचा व्यापार करून तो अतिशय श्रीमंत झाला. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला मुलगा पस्तिशीच्या आत लक्षाधीश झाला होता.

आता ज्या भाषेच्या नादाने दुकानात त्याचे मन वेडावले होते तिची पाळी आली. ग्रीक भाषेची मोहिनी आपणांस व्यापारातून उठवील या भीतीने त्याने ती आजवर दूर ठेविली होती. १८५६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने प्रथम आधुनिक ग्रीक शिकावयास घेतली. एक फ्रेंच कादंबरी त्यास आधीच अवगत होती. तिचे ग्रीक भाषांतर मिळवून प्रत्येक शब्द तो मूळ फ्रेंचशी ताडून पाही. अशा रीतीने कोश न उघडता एका वाचनात निम्मे शब्द त्याच्या ध्यानी राहिले. ज्ञाताच्या आधारे अज्ञाताकडे जाण्याची ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे; ज्यास एखादे पुस्तक मराठीत चांगले परिचित आहे त्याने तेच पुस्तक इंग्रजीत वाचून पाहावे. त्यानंतर तो प्राचीन ग्रीककडे वळला. नामांची व क्रियापदांची रूपे तेवढी पाठ करून व्याकरणाच्या सूक्ष्म नियमांत तो अडकला नाही. मूळ ग्रंथच पुनःपुन्हा वाचीत गेला. लॅटिनचा अभ्यास त्याने याच सुमारास पुन्हा केला, आणि पूर्वेकडील प्रवासात अरबीही शिकला.

१८६४ मध्ये व्यापार आवरून तो जगाच्या प्रवासास निघाला. त्या प्रवासात तो हिंदुस्थानातही आला होता. कलकत्ता, काशी, आग्रा व दिल्ली ही शहरे त्याने पाहिली. पुढे चीन व जपान पाहून त्या देशांविषयी त्याने फ्रेंच भाषेत एक पुस्तक लिहिले, ते १८६७ साली प्रसिद्ध झाले. मग पॅरिस येथे शिक्षण, १८६९ मध्ये रोस्टोक विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी, आणि १८७० पासून आशिया मायनरमधील हिसार्लिक टेकडीचे उत्खनन, असा त्याचा पुढील क्रम आहे. इलियड काव्यातील ट्रॉय नगरी केवळ कविकल्पना नसून तेथे खरोखर प्राचीन नगर होते, हे त्याच्या कुदळीने जगापुढे मांडले. १८७३ साली त्यास तेथे सोन्याचांदीचा मोठा साठा सापडला आणि १८७६ साली ग्रीसमधील मायसीनी येथे राजघराण्यातील थडग्यांत सोन्याचे मुखवटे मिळाले.

येथवरच थांबलो तर हे चरित्र अपुरे राहील, आणि विद्यार्थ्यांपुढे अपुरे सत्य ठेवणे योग्य नव्हे. श्लीमान थोर उद्योगी होता, पण निर्दोष नव्हता. हिसार्लिकच्या टेकडीखाली ट्रॉय आहे हे फ्रँक कॅल्व्हर्ट या गृहस्थाने त्याच्या आधी ओळखले होते व तेथे थोडे खणलेही होते. त्याचे श्रेय श्लीमानने पुरते दिले नाही. उतावळेपणाने मध्यभागी खोल चर खणल्यामुळे वरच्या थरांचा नाश झाला. जो साठा त्याने प्रायम राजाचा म्हणून जाहीर केला तो त्या काव्यातील युद्धाच्या मानलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षांनी जुना असल्याचे पुढे ठरले. तो साठा त्याने तुर्की सरकारच्या नकळत देशाबाहेर नेला व त्याबद्दल पुढे दंड भरला. तो सापडला तेव्हा आपली पत्नी सोफिया जवळ उभी होती असे त्याने लिहिले. वस्तुतः ती त्या वेळी अथेन्स येथे होती.

मग ज्याने अशी अतिशयोक्ती केली त्याच्या सहा आठवड्यांच्या गोष्टींवर विश्वास तरी कसा ठेवावा? हा प्रश्न रास्त आहे. भाषांचा मुख्य वृत्तांत त्याने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी स्वतःच लिहिला आहे, आणि त्यातील आठवड्यांचे आकडे आपण शंका राखूनच घ्यावे. परंतु त्याच्या भाषाज्ञानास दुसरा साक्षीदार आहे. अथेन्समधील गेनाडियस ग्रंथालयात त्याच्या अठरा रोजनिशा आणि हजारो पत्रे जपून ठेविली आहेत. ज्या देशात जावे त्या देशाच्या भाषेत रोजनिशी लिहिण्याचा त्याचा परिपाठ होता, व ती पाने आजही कोणासही पाहता येतात. शिवाय परभाषेच्या बाबतीत थाप फार काळ चालत नाही. सोन्याच्या साठ्याविषयी काहीही लिहिता येते. पण रशियन व्यापारी समोर बसून भाव विचारू लागला म्हणजे उत्तर रशियनमध्येच द्यावे लागते. त्याच्या प्राचीन ग्रीक लेखनात विद्वानांस दोष आढळले, हेही खरे. परंतु ते दोष भाषा वापरणाऱ्याचे आहेत, भाषेस भिऊन दूर बसणाऱ्याचे नव्हेत.

कानाच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन परतत असता २६ डिसेंबर १८९० रोजी नेपल्स येथे श्लीमान मरण पावला. त्याचा देह अथेन्स येथे पुरण्यात आला.

त्याचे चरित्र वाचून आपण काय घ्यावे? आजच्या विद्यार्थ्यास जी साधने उपलब्ध आहेत ती श्लीमानास स्वप्नातही दिसली नसती. हातातील मोबाइल फोनमध्ये कोश आहे, शुद्ध उच्चाराचे ध्वनिमुद्रण आहे, आणि रोज नेमाने धडा देणारी, विसरत चाललेला शब्द वेळीच पुन्हा पुढे आणणारी ॲपे आहेत. ज्यांस शिकवणीचा खर्च परवडत नाही त्यांना हा मोठाच आधार होय. त्याची उपेक्षा करू नये. परंतु बोटाने योग्य उत्तरावर टिचकी मारणे व सलग किती दिवस झाले याची गणती पाहून संतुष्ट होणे, याचे नाव भाषा येणे नव्हे. ॲप शब्द पुरवील. पण त्या शब्दांनी स्वतःच्या मनातील दहा ओळी लिहावयाच्या, त्या जाणत्याकडून तपासून घ्यावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी मोठ्याने म्हणावयाच्या, हे काम विद्यार्थ्याचेच आहे. रोज एक तास, आणि तोही न चुकता, एवढे मोल देण्याची ज्याची तयारी आहे त्याने वयाची चिंता करू नये.

पालकांसही एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नाही, तेव्हा मुलाच्या अभ्यासात आपला काय उपयोग, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी ॲमस्टरडॅममधील त्या अनामिक गरीब श्रोत्याचे स्मरण करावे. त्यास रशियन येत नव्हते. त्याने एकही चूक सुधारली नाही. तो केवळ रोज ठरल्या वेळी आला, समोर बसला आणि दोन तास ऐकत राहिला. तेवढ्याने एका एकाकी तरुणाच्या जिभेस बळ आले. चुका सुधारण्यास शाळेत शिक्षक आहेत. घरी संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापताना आईने, अथवा कामावरून दमून आलेल्या वडिलांनी, मुलास पुस्तक मोठ्याने वाचावयास सांगावे आणि ते ऐकावे. चार फ्रँक देऊन श्लीमानास जे विकत घ्यावे लागले ते आपल्या मुलांस घरच्या घरी मिळू शकते. आणि शेजाऱ्यांनी गाऱ्हाणे केलेच, तर तो अभ्यास चांगला चालला असल्याचा पुरावा समजावा.